रॅमचा स्पीड मे महिन्यातल्या दुपारी टिकेल एवढाच घ्या

अमळनेरच्या एका भाऊंनी विचारलंय. एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि बी६५० चा मदरबोर्ड त्यांनी नक्की केलाय. प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचाय, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचाय. दिवसा लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग, रात्री गेम, असा वापर. रॅमचे तीन पर्याय समोर आहेत, तिन्ही डीडीआर५, सोळा-सोळा जीबीच्या दोन स्टिक: ५२०० सीएल४०, ६००० सीएल३० आणि ७२०० सीएल३४ (आकड्यांचा अर्थ पुढे येतोच). दुकानदार म्हणतो, ओव्हरक्लॉक करणार असाल तर ७२०० च घ्या, नाहीतर प्रोसेसर रॅममुळे अडून राहील. मशीन वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखालच्या खोलीत राहणार. एसी नाही, उन्हाळ्यात खिडकीत डेझर्ट कूलर लागतो. शेवटी एक छोटा प्रश्न जोडलाय: आता दोन स्टिक टाकून वर्षभराने आणखी दोन टाकल्या तर चालतील ना?

आधी सरळ उत्तर देतो: ६००० सीएल३० घ्या. ७२०० तुमच्या प्रोसेसरवर पैसे जास्त घेऊन काम कमी करेल. ५२०० सीएल४० वाईट नाही, पण भावात फार फरक नसेल तर ती घेऊ नका. आता हे का म्हणतोय ते नीट सांगतो, कारण बोर्ड किंवा प्रोसेसर बदलला तर उत्तरही बदलतं आणि तेव्हा तुम्हाला स्वतःला हिशेब मांडता यायला हवा.

तुम्ही विचारलंय की सगळ्यात वेगवान रॅम कोणती. मी जळगावात मशिनं असेंबल करतो, दुरुस्तही करतो, आणि गिऱ्हाइकाशी बोलताना मला हा प्रश्न वेगळ्या रीतीने मांडावा लागतो: तुमच्या प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग), त्या खोलीत, बारा महिने, एकही चूक न करता कोणता स्पीड पेलेल? डब्यावरचा आकडा स्टिकपुरता खरा असतो. तो तुमच्या प्रोसेसरचा आणि बोर्डाचा शब्द नव्हे. ७६०० साठी एएमडीने अधिकृतपणे सांगितलेला स्पीड ५२०० आहे, तोही दोनच स्टिकवर. म्हणजे बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे स्टिकवर आधीच साठवलेली जलद सेटिंग, चालू करून ६००० ला गेलात की प्रोसेसरला हात लावण्याआधीच तुमचं ओव्हरक्लॉकिंग सुरू झालं. इंटेलवाल्यांचं एक्सएमपीही तसंच. बरेच जण एक्स्पोला प्रोसेसर कंपनीची हमी असलेली सेटिंग समजतात आणि मशीन हँग झालं की दोष प्रोसेसरला देतात.

आता आकड्यांकडे येऊ. ५२००, ६०००, ७२०० हा सेकंदाला किती वेळा डेटा सरकतो त्याचा आकडा, दशलक्षात. खरं घड्याळ त्याच्या निम्म्याने चालतं, म्हणून सीपीयू-झेड हे माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडल्यावर ६००० च्या रॅमला ३००० दिसतं. ते पाहून रॅम परत करायला धावत आलेले लोक मी पाहिलेत. तसं दिसलं तर घाबरू नका, रॅम बरोबर आहे. सीएल म्हणजे मागणी केल्यापासून पहिला डेटा हाती यायला लागणारे ठोके. ठोक्यांवरून वेळ काढायची असेल तर सीएलला २००० ने गुणा आणि स्पीडने भागा, उत्तर नॅनोसेकंदात येतं. ५२०० सीएल४० चे १५.४ होतात. ६००० सीएल३० चे बरोबर १०. ७२०० सीएल३४ चे ९.४. दुकानात ६००० सीएल४० ही पण दिसेल, तिचे १३.३ येतात. डब्यावर ६००० मोठ्या अक्षरात असतं आणि सीएल बारीक. तुम्ही बारीक अक्षर आधी वाचा.

या हिशेबात ७२०० थोडी पुढे दिसते. कागदावर ती पुढे आहेच. खरी गडबड प्रोसेसरच्या आत आहे.

रायझन ७००० मध्ये मेमरी कंट्रोलर रॅमच्या घड्याळाशी एकास एक चालला तर सगळं सुरळीत असतं. ६००० ला रॅमचं घड्याळ ३०००, कंट्रोलरचंही ३०००. बहुतेक ७६०० एवढं आरामात पेलतात. काही ६४०० ला जातात, काही जात नाहीत. त्यापुढे कंट्रोलर दमतो, आणि बोर्ड त्याला एकास दोनवर टाकतो, म्हणजे रॅम पळते पण कंट्रोलर निम्म्या वेगाने. ७२०० ला रॅमचं घड्याळ ३६०० आणि कंट्रोलर १८०० वर. साधी ५२०० ची रॅम लावली असती तर हाच कंट्रोलर २६०० वर चालला असता! स्लॅबच्या कामावर घमेली हातोहात वर जातात. खालच्याने कितीही भराभर भरून दिली तरी मधला माणूस संथ असेल तर वर माल त्याच्याच चालीने पोचणार. म्हणून ७२०० ला डब्यावरचे ९.४ नॅनोसेकंद प्रत्यक्षात मिळत नाहीत, पूर्ण फेरीचा वेळ ६००० पेक्षा वाढतो. एकास दोनमधलं हे नुकसान भरून काढायला ८००० च्या आसपास जावं लागतं. त्यासाठी बोर्ड, रॅम आणि नशीब तिन्ही महाग लागतात.

दुसरी एक मर्यादा तर कुणी सांगतच नाही. दोन चॅनेलवर (रॅम ते प्रोसेसर अशा दोन वाटांवर) ६००० ची रॅम कागदावर सेकंदाला ९६ जीबी देते, ७२०० ची ११५. पण ७६०० मध्ये कोअरचा एकच तुकडा आहे. तो इन्फिनिटी फॅब्रिक नावाच्या आतल्या रस्त्याने मेमरीशी जोडलेला आहे, आणि हा रस्ता साधारण २००० मेगाहर्ट्‌झवर चालतो. दर ठोक्याला ३२ बाइट वाचता येतात, म्हणजे सेकंदाला ६४ जीबी. ५२०० चीच रॅम ८३ जीबी द्यायला तयार बसलीय. त्यामुळे ७६०० ला रुंदी कमी पडतेय म्हणून ७२०० घ्या, या म्हणण्याला आधार नाही. तुम्हाला फायदा होईल तो वाट पाहण्याचा वेळ कमी झाल्याने, आणि तो ६००० सीएल३० मध्ये चांगला कमी होतो.

हे झालं कुठल्याही गावासाठी. आपल्या भागात यात उन्हाळा मिळवावा लागतो, आणि परदेशातले व्हिडिओ पाहून सेटिंग करणाऱ्यांचं गणित नेमकं इथे चुकतं.

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे बारीकसा कपॅसिटर. त्यातला चार्ज गळत राहतो, म्हणून ठरावीक वेळाने तो पुन्हा भरावा लागतो, त्याला रिफ्रेश म्हणतात. उष्णता वाढली की गळती वाढते. मानकाप्रमाणे चिप ८५ अंशांच्या वर गेली की रिफ्रेश दुप्पट वेळा करावा लागतो. पण ते मानक १.१ व्होल्टवर चालणाऱ्या साध्या स्पीडसाठी. एक्स्पोला व्होल्टेज बहुधा १.३५ किंवा त्याच्या आसपास असतं, टायमिंग, म्हणजे सीएलसारखे ठोक्यांचे आकडे, घट्ट असतात. शिवाय डीडीआर५ मध्ये व्होल्टेज सांभाळणारी चिप स्टिकवरच बसवलेली असते, तिची उष्णता वेगळी. अशी स्टिक ८५ पर्यंत वाट पाहत नाही. हातातल्या मशिनांवरून सांगतो, घट्ट टायमिंगची रॅम साठीच्या घरात गेली की चुका करू लागते, काही तर पन्नाशीतच. माझा स्वतःचा नियम: भर उन्हाळ्यात पूर्ण लोडवर स्टिक ६० च्या आत राहिली पाहिजे.

खोलीचं तापमान स्टिकच्या तापमानात जवळपास तसंच्या तसं मिळतं. जानेवारीत रात्री खोली १८ अंशांवर असताना स्टिक ४२ दाखवत असेल, तर मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे बाहेर ४४-४५ असताना स्लॅबखालच्या खोलीत तीच स्टिक ६५ च्या पुढे जाते. सेटिंगमध्ये एक आकडाही बदललेला नसतो. डिसेंबरात असेंबल केलेली मशिनं एप्रिलपासून ‘आपोआप’ रीस्टार्ट व्हायला लागतात आणि तक्रारी एकदम सुरू होतात, त्यातल्या बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी हेच असतं.

धरणगावकडच्या एका फोटो स्टुडिओचं मशीन गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे आलं होतं. तक्रार अशी की सकाळी केलेला एक्सपोर्ट चांगला निघतो, दुपारच्या एक्सपोर्टमध्ये मधेच राखाडी चौकोन येतात. विंडोज पुन्हा टाकून झालं होतं, ग्राफिक्स कार्ड बदलून पाहिलं होतं. कॅबिनेटचं पुढचं पॅनेल काढलं तर जाळीवर कापसाच्या रेशांचा नमद्यासारखा थर, बोटाने अख्खा सोलून निघाला. शेजारीच जिनिंग होतं. रॅम ६४०० वर, आणि कुणीतरी रिफ्रेशमधलं अंतर, म्हणजे टीआरईएफआय, व्हिडिओ पाहून पार शेवटच्या आकड्यापर्यंत ताणलेलं. ग्राफिक्स कार्डाची गरम हवा सरळ स्टिकवर. हार्डवेअर इन्फोमध्ये स्टिकचं तापमान ६८ दिसलं. जाळी साफ केली, पुढे पंखा बसवला, टीआरईएफआय ऑटोवर आणि रॅम ६००० वर आणली. चौकोन गेले. एक्सपोर्टला लागणाऱ्या वेळात त्या स्टुडिओवाल्याला काहीच फरक जाणवला नाही.

यातली काळजीची गोष्ट म्हणजे मशीन बंद पडलंच असं नाही. रॅमची चूक कित्येकदा आवाज न करता फाइलमध्ये जाऊन बसते. झिप उघडत नाही, फोटोचा खालचा अर्धा भाग हिरवा होतो, विंडोज अपडेट वारंवार अडकतं. गेम खेळताना एखादा क्रॅश सोसता येतो. एखाद्याच्या लग्नाचं फुटेज पुन्हा शूट करता येत नाही. डीडीआर५ मध्ये ईसीसी असतं मग चूक कशी होईल, असं कुणी सांगेल. ते ईसीसी चिपच्या पोटातल्या चुकांपुरतं आहे. चिपकडून प्रोसेसरकडे जाताना वाटेत झालेली चूक ते पकडत नाही, आणि स्पीड ताणल्यावर तिथेही चुका होतात.

म्हणून क्रम महत्त्वाचा. सुरुवातीला सगळं साधं ठेवा, बायोस नवीन करा. हे टाळू नका: २०२३ मध्ये रायझन ७००० चे काही प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने नव्या बायोसमधून एसओसी व्होल्टेजला (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाच्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. जुन्या बायोसवर एक्स्पो चालू केलं की काही बोर्ड त्याच्या वर जायचे. ६००० साठी १.२ ते १.२५ बहुतेकदा पुरतं. बायोस अपडेट यूपीएसवरच करा, लाइट जायच्या वेळा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. नवी रॅम लावल्यावर पहिल्या वेळी स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. त्या वेळात बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात. मधेच बटण दाबून बंद करू नका.

मग फक्त एक्स्पो चालू करा, प्रोसेसर जसा आहे तसा ठेवा. झेनटायमिंग्स नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, त्यात एमसीएलके (रॅमचं घड्याळ) आणि यूसीएलके (कंट्रोलरचं घड्याळ) दोन्ही ३००० दिसले पाहिजेत. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर लावा. पण त्यात पास झाली म्हणून थांबू नका. मेमटेस्टमध्ये ग्राफिक्स कार्ड थंड बसलेलं असतं, त्यामुळे कॅबिनेट खरं तापतच नाही. दुसरी चाचणी विंडोजमध्ये घ्या: टेस्टमेम५ किंवा प्राइम९५ मधली ‘लार्ज एफएफटी’ चाचणी, आणि सोबत ग्राफिक्स कार्डावर काहीतरी जड चालू. ही दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान घ्या, रात्री नको. मशीन थंडीत बांधत असाल तर दुपारही थंडच असणार, तेव्हा कॅबिनेटचे पंखे कमी करून स्टिक मुद्दाम तापवा आणि ६० ला एकही चूक येत नाही ना ते बघा. एक चूक आली तरी ती चूकच. ‘एकच आली, चालेल’ असं रॅममध्ये नसतं.

रॅम अशी पक्की झाल्यावर एक्स्पो तात्पुरतं बंद करून प्रोसेसरकडे वळा. ७६०० ला मी सगळ्या कोअरना एकच ठोक फ्रिक्वेन्सी देत नाही. पीबीओ या एएमडीच्या बायोसमधल्या सेटिंगमधलं कर्व्ह ऑप्टिमायझर वापरतो. त्यात व्होल्टेज थोडं खाली येतं आणि प्रोसेसर स्वतःच वर जातो. उन्हाळ्यात याचा दुहेरी फायदा, कारण कॅबिनेटमधली उष्णताही कमी होते. प्रोसेसर एकटा स्थिर झाला की एक्स्पो पुन्हा चालू करून दोन्ही एकत्र तपासा. वेगवेगळं केल्यामुळे काही बिघडलं तर दोषी कोण ते कळतं. दोन्ही एकदम ताणून बसलात तर आठवडाभर अंदाजच बांधत राहाल.

डेझर्ट कूलरबद्दल. खोली थंड होते हे खरं, पण त्याच्या झोतात कॅबिनेट ठेवू नका. ओल येते, आणि बोअरच्या पाण्यातले क्षार पंख्यांवर, पट्ट्यांवर पांढरे जमतात. झोतापासून बाजूला, जमिनीपासून थोडं वर, मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडून. समोर जाळीचं पॅनेल असलेलं कॅबिनेट घ्या आणि कापसाच्या हंगामात जाळी पंधरवड्याला झटका. प्रोसेसरवर मोठा टॉवर कूलर बसवणार असाल तर उंच आरजीबी स्टिक त्याच्या पंख्याला अडतात. बुटक्या हीटस्प्रेडरची रॅम घेतलेली बरी.

तुमचा दुसरा काही विचार असेल तर थोडक्यात सांगतो. पुढेमागे एक्स३डी प्रोसेसर घेणार असाल तर त्याच्या मोठ्या कॅशेमुळे (प्रोसेसरच्या आतल्या जलद मेमरीमुळे) रॅमच्या स्पीडचा फरक आणखी कमी पडतो, तिथे साधी ६००० सीएल३६ ही चालेल. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीत कंट्रोलर डीडीआर५ बरोबर तसाही निम्म्या वेगाने चालायला बनवलाय, तिथे चांगल्या बोर्डावर ६४०० ते ७२०० अर्थपूर्ण आहे. दुकानदाराने बहुधा तिथला सल्ला तुम्हाला दिलाय. मात्र एच६१० बोर्डावर रॅम ओव्हरक्लॉक होतच नाही. एएम४ या एएमडीच्या जुन्या बोर्डावर रायझन ५ ५६०० असेल तर डीडीआर४ ची ३६०० सीएल१८ किंवा ३२०० सीएल१६, दोन्हींचे दहाच नॅनोसेकंद होतात. ग्राफिक्स कार्ड न लावता प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर गेम खेळायचे असतील तरच रॅमचा स्पीड खरोखर डोळ्यांना दिसतो.

आता तुमच्या वापरात फरक किती, तेही स्पष्ट सांगायला हवं. ५२०० सीएल४० वरून ६००० सीएल३० वर आल्यावर गेममध्ये काही टक्के मिळतात, तेही ग्राफिक्स कार्ड मोकळं असताना. १४४० पी रिझोल्यूशनला कार्डच पूर्ण भरलेलं असेल तर तेही विरतात. एक्सपोर्टमध्ये फरक त्याहून कमी. एडिटिंगला स्पीडपेक्षा क्षमता जास्त लागते. ४के ची टाइमलाइन, वर इफेक्ट्स, मागे ब्राउझर उघडा, एवढ्यात ३२ जीबी भरतात आणि विंडोज एसएसडीकडे धाव घेतं. त्या क्षणी मशीन जेवढं संथ होतं, तेवढं कुठल्याही सीएलने होत नाही. ७२०० साठी जे जास्तीचे पैसे काढून ठेवलेत, त्यात भर घालून बत्तीस-बत्तीसच्या दोन स्टिक ६००० ला मिळत असतील तर मी डोळे झाकून तिकडे जाईन. भाव सारखे हलतात म्हणून आकडा देत नाही, दोन-तीन ठिकाणी विचारा.

आणि इथेच तुमचा शेवटचा प्रश्न येतो. पुढे आणखी दोन स्टिक टाकण्याचा बेत आत्ताच सोडून द्या. चार स्टिक लावल्यावर एएमडीचा अधिकृत आकडा ५२०० वरून थेट ३६०० वर येतो. हाताने सेटिंग करून त्याच्या वर जाता येतं, पण ६००० मिळेलच असं कुणी सांगू शकत नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात तर नाहीच. त्यात वर्षभराने तेच नाव, तोच मॉडेल नंबर घेतला तरी आत चिप दुसऱ्या कंपनीची निघू शकते. ६४ जीबी लागणार हे आज दिसत असेल तर आजच बत्तीसच्या दोन घ्या. दिसत नसेल तर सोळाच्या दोन घ्या, आणि गरज पडेल तेव्हा त्या विकून मोठ्या दोन बसवा. दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात, बोर्डावर त्यांना ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये लावल्या तर एकच चॅनेल चालेल आणि सेकंदाला मिळणाऱ्या जीबींचा वरचा हिशेब निम्म्यावर येईल.